हिटलर मेला, पण त्याच्या कचेऱ्यांमधल्या लाखो माणसांचं काय केलं?

एप्रिल १९४५. म्युनिकजवळच्या एका पेपर मिलमध्ये ट्रकच्या ट्रक भरून कार्डं येऊन पडायला लागली. नाझी पक्षाच्या मेंबरांची कार्डं होती ती, नाव, जन्मतारीख, धंदा, मेंबर नंबर, पक्षात कधी आला ती तारीख, काहींवर फोटोसुद्धा. हुकूम होता की अमेरिकन सैन्य पोचायच्या आत सगळ्याचा लगदा करून टाका. मिल चालवणाऱ्या माणसाने ते केलं नाही. त्याने कार्डांवर दुसरी रद्दी टाकून ढीग झाकून ठेवला आणि अमेरिकन आल्यावर त्यांना जाऊन सांगितलं की माझ्याकडे असं असं आहे. त्यांनी कित्येक महिने तिकडे नीट लक्षच दिलं नाही, मग कधीतरी कुणाच्या तरी ध्यानात आलं की अख्ख्या पक्षाची हजेरीवहीच इथे पडून आहे. कार्डं एक कोटीच्या आसपास, वजन टनांमध्ये. पुढे ती बर्लिनला नेऊन नीट लावली.

ही गोष्ट आधी सांगितली कारण आज ज्या विषयावर लिहितोय त्याचा सगळा पेच त्या एका कार्डात आहे. कार्डावर एवढंच कळतं की माणूस पक्षात होता. त्याने केलं काय, हे कार्डावर नाही.

न्यूरेंबर्गचा खटला आपल्याला शाळेपासून माहीत असतो, गोअरिंग, हेस, रिबेनट्रॉप, बावीस जणांचा निकाल, बारा जणांना फाशीची शिक्षा. पण ते बावीस. युद्ध संपलं तेव्हा पक्षाचे मेंबर होते ८० लाखांच्या वर. ऑस्ट्रिया धरून आठ कोटींच्या आसपास लोकसंख्येचा देश, म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे मोजले तरी दहात एक. आणि हे सगळे कुठे होते? टॅक्स ऑफिसात, पोस्टात, शाळेत, कोर्टात, हॉस्पिटलात, पोलीस चौकीत. आधीच्या बारा वर्षांत ज्यूंची घरं जप्त करायच्या कागदांवर सही यांच्यातल्याच कुणाची होती, आणि रेशनचं कूपन देणारा, नळाला पाणी सोडणाराही यांच्यातलाच होता. त्यांना खुर्चीवरून उठवायचं कसं, किती जणांना, आणि त्यांच्या जागी बसवायचं कुणाला, यालाच डीनाझिफिकेशन म्हणतात. सोप्या मराठीत नाझी साफसफाई म्हणा.

जर्मनीचे चार भाग केले होते, अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन, प्रत्येक भागाला झोन म्हणायचे आणि तिथे त्या त्या देशाच्या सैन्याचं राज्य. जुलै-ऑगस्ट १९४५ मध्ये पॉट्सडॅमला ठरलं की जे नाझी नुसते नावापुरते मेंबर नव्हते त्या सगळ्यांना सरकारी आणि महत्त्वाच्या जागांवरून काढायचं. वाचायला सरळ वाटतं. पण नावापुरता कोण आणि मनापासून कोण, हे ठरवायचं कसं?

त्यासाठी लोक पक्षात कसकसे गेले ते बघावं लागतं. १९३३ च्या जानेवारीत हिटलर चान्सलर झाला त्याच्या आधीचे मेंबर साडेआठ लाखांच्या घरात. हे कट्टर. मग सत्ता आल्यावर तीन-चार महिन्यांत एवढी झुंबड उडाली की मे १९३३ मध्ये पक्षाला नवीन भरती बंद करावी लागली. ही वारं बघून पाठ फिरवणारी मंडळी. मग १९३७ मध्ये दार परत उघडलं आणि सरकारी नोकरांवर दबाव आला, प्रमोशन हवंय, बदली नकोय, मग फॉर्म भर. अशा शेवटच्या गटातले खूप लोक कदाचित कधी मनाने नाझी नव्हतेच, पण काही जण होतेही, आणि दुसऱ्या बाजूला असे कित्येक अधिकारी की ज्यांनी पक्षाचं कार्ड कधीच घेतलं नाही पण ज्यांच्या टेबलावरून भयंकर कागद गेले. अमेरिकनांनी यातून एक तारीख काढली, १ मे १९३७. त्याच्या आधी मेंबर झालेला असेल तर नोकरी गेलीच समजा. म्हणजे १९३६ मध्ये बायकोच्या आग्रहाखातर सही केलेला पोस्टमास्तर घरी, आणि १९३८ मध्ये आत येऊन शेजाऱ्याची चुगली करणारा सुटण्याची शक्यता. तारीख ठरवल्याशिवाय गत्यंतरही नव्हतं हे मान्य, कारण प्रत्येकाच्या मनात उतरून बघायला वेळ कुणाकडे होता?

मग आला तो प्रसिद्ध फॉर्म. जर्मनमध्ये फ्रागेबोगेन, म्हणजे प्रश्नांचा कागद. १३१ प्रश्न! नाव-गाव तर झालंच, शिवाय उंची, वजन, केसांचा रंग, अंगावरच्या खुणा, धर्म, १९३१ पासूनची दर वर्षाची कमाई, कुठल्या कुठल्या संघटनेत होता त्याची लांबलचक यादी, कुठली भाषणं दिली, काय लिहिलं, परदेशात कुठे गेला, आणि १९३२ च्या नोव्हेंबरात आणि १९३३ च्या मार्चमध्ये मत कुणाला दिलंत हे सुद्धा. गुप्त मतदान केलेल्या माणसाला लोकशाही शिकवायला आलेलं सरकार विचारतंय की मत कुणाला दिलंस, हे लोकांना फार लागलं. खोटं लिहिलं तर लष्करी कोर्टात केस. आणि पेपर मिलमधली कार्डं हाताला लागल्यावर खोटं पकडता यायला लागलं, मी कधीच मेंबर नव्हतो असं लिहिणाऱ्याचं कार्ड समोर ठेवता यायचं.

लाखांनी फॉर्म आले. वाचायला जर्मन येणारे अमेरिकन अधिकारी मूठभर, आणि सैनिकांना तर घरी जायची घाई, युद्ध संपलेलं, युरोपात तीस लाख अमेरिकन सैनिक होते ते वर्षभरात काही लाखांवर आले. तरीही, हे लक्षात घ्या, पहिल्या वर्षात अमेरिकनांनी काम खरंच जोरात केलं. एक लाखाच्या पुढे माणसं नोकरीवरून काढली, लाखाच्या आसपास लोक छावण्यांमध्ये नेऊन ठेवले, खटला न चालवता, नुसत्या हुद्द्यावरून. अमुक पदापासून वर असाल तर आपोआप अटक.

आणि मग शहरं बंद पडायला लागली.

कलोनचं उदाहरण घ्या. बॉम्बिंगमध्ये शहराचा चुराडा झालेला, पाण्याचे पाइप फुटलेले, ड्रेनेज उघड्यावर, साथीची भीती. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात २१ तज्ज्ञ होते आणि त्यातले १८ नाझी. बॉनमध्ये ११२ डॉक्टर, त्यातले १०२ पक्षाचे मेंबर. आता काय करणार? अठरा जणांना हाकललं तर टायफॉइडने मरणार कोण, ज्यांनी काही केलं नाही ती पोरंबाळंच ना. आणि नाही हाकललं तर परवापर्यंत ज्यांच्या समोर हात वर करून सलाम ठोकावा लागत होता तेच साहेब त्याच खुर्चीत बसलेले लोकांना दिसणार, त्यात छळछावणीतून जगून परत आलेला माणूसही रेशनकार्डासाठी त्याच खिडकीसमोर उभा. या दोन गोष्टींमध्ये मला कुठलीच हलकी वाटत नाही. डीनाझिफिकेशन फसलं म्हणून एका वाक्यात मोडीत काढणारे यातलं पहिलं विसरतात, आणि ते सगळं अतिरेकी होतं म्हणणारे दुसरं विसरतात.

आपल्याकडे १९४७ ला हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. इंग्रजांच्या हुकमाने सत्याग्रहींवर लाठ्या चालवणारे पोलीस आणि त्यांना तुरुंगात पाठवणारे आयसीएस अधिकारी, तेच पुढे स्वतंत्र देशाच्या कचेऱ्यांमध्ये बसले, आणि सरदार पटेलांनी घटना समितीत त्यांची उघड बाजू घेतली, कारण गाडा हाकायला दुसरी माणसं नव्हती. नाझींची आणि त्यांची तुलना होत नाही, पण कचेरी चालवायची कुणी हा प्रश्न तोच.

बव्हेरियात जनरल पॅटन लष्करी राज्यपाल होता, रणांगणावरचा मोठा सेनापती. त्याला ही साफसफाई वेळेचा अपव्यय वाटायची. सप्टेंबर १९४५ मध्ये पत्रकारांसमोर तो बोलून गेला की हे नाझी आणि नाझीविरोधी म्हणजे आपल्याकडचे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन असल्यासारखंच आहे. छळछावण्यांचे फोटो छापून जेमतेम पाच महिने झालेले, अमेरिकेत गदारोळ उठला आणि त्याच्या वरचा सेनापती आयझेनहॉवरने काही दिवसांत त्याला तिथून काढलं. त्याच आठवड्यात अमेरिकनांनी कायदा नंबर ८ आणला, की पक्षाशी संबंध असलेल्या कुणालाही खाजगी धंद्यातसुद्धा साध्या मजुराच्या वरचं काम करता येणार नाही. म्हणजे औषधाचं दुकान असेल तर मालकाने काउंटरवरून उठायचं. कडकपणाची ही सगळ्यात वरची पायरी, आणि इथूनच लोकांचा मूड पालटला. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं झालं, प्रत्येक घरात कुणीतरी अडकलेलं, त्यामुळे ज्यांना नाझींचा मनापासून राग होता तेही म्हणायला लागले की हे अति होतंय.

अमेरिकनांना कळून चुकलं की आपल्याच्याने हे होणार नाही, जर्मनांचं काम जर्मनांनीच करावं. ५ मार्च १९४६ ला म्युनिकमध्ये नवा कायदा झाला. अमेरिकन झोनमधल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने फॉर्म भरायचा, हा आता दोन पानी छोटा फॉर्म, आणि भरल्याची पावती दाखवल्याशिवाय रेशनकार्ड नाही, नोकरी नाही. १ कोटी ३४ लाख फॉर्म आले. आणि ते तपासायला गावोगाव पंचमंडळी नेमली, त्यांना श्प्रुखकामर म्हणायचे, अशी पाचशेच्या वर मंडळं आणि त्यात बावीस हजार लोक कामाला. हे कोर्ट नव्हतं, बसणारे बहुतेक साधे लोक, ज्यांचा नाझींशी संबंध नव्हता असे, कुणी जुना समाजवादी, कुणी चर्चमधला, कुणी कामगार पुढारी. समोरच्याला पाचपैकी एका गटात टाकायचं: मुख्य दोषी, दोषी, कमी दोषी, मिटलॉयफर आणि निर्दोष.

मिटलॉयफर हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. शब्दशः अर्थ बरोबर चालत गेलेला, म्हणजे आपण म्हणतो ना, सगळे चालले म्हणून हाही चालला. शिक्षा काय तर दंड, जास्तीत जास्त २००० मार्क. आणि त्या काळात मार्काला किंमत काय होती, तर काळ्या बाजारात अमेरिकन सिगरेटच्या एका पाकिटाला शंभराच्या आसपास मार्क पडायचे. म्हणजे वीसेक पाकिटं सिगरेट दिल्या की माणूस मोकळा, जुन्या नोकरीवर परत.

मिटलॉयफर व्हायला काय लागायचं? दाखला. कायद्यात नियम उलटा होता, वरच्या दोन गटांत ज्याचं नाव लागलंय त्याने स्वतः दाखवायचं की मी एवढा वाईट नव्हतो. मग काय, आपल्याकडे तलाठी, सरपंच, हेडमास्तर यांच्याकडे चारित्र्याच्या दाखल्यासाठी जातात तसे लोक पाद्रीबाबांकडे, डॉक्टरांकडे, शेजाऱ्यांकडे जायला लागले, आणि ज्यू ओळखीचा कुणी जिवंत उरला असेल तर त्याच्याकडेही. मजकूर ठरलेला, हे गृहस्थ मनातून कधीच नाझी नव्हते, चर्चला नियमित यायचे, अमक्याला त्यांनी एकदा मदत केली. या दाखल्यांना लोक पर्झिलशाइन म्हणायला लागले. पर्झिल ही तिकडची कपडे धुवायची पावडर, घरोघरी माहीत, आपल्याकडे निरमा तशी. म्हणजे निरमाचा दाखला. डाग गेले, शर्ट पांढराशुभ्र.

पंचांची हालत मात्र खरंच वाईट होती आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. छोटं गाव, समोर उभा आहे तो कालपर्यंत आपल्या पोराचा मास्तर, साक्षीदार त्याचा मेहुणा, आणि उद्या दुकानात दूध घ्यायला जायचंय ते त्याच्याच भावाकडे. त्याच्या विरुद्ध बोलायला कुणी पुढे येईना, बाजूने बोलायला दहा जण हजर. पंचांना रस्त्यात शिव्या, धमकीच्या चिठ्ठ्या, आणि हे काम संपल्यावर कित्येकांना पुढे नोकरी मिळेना. ज्या थोड्या लोकांनी बारा वर्षं नाझींना साथ दिली नव्हती त्यांनाच लोकांनी गावचे शत्रू ठरवलं. मला हे वाचताना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो.

आता मुख्य मुद्दा. चूक कुठे झाली असं मला विचाराल तर मी फॉर्मकडे किंवा दाखल्यांकडे बोट दाखवणार नाही, मी केसेसच्या क्रमाकडे दाखवीन. लाखो केसेस तुंबलेल्या, आणि निकाल लागेपर्यंत माणूस नोकरीवर जाऊ शकत नाही, म्हणून पंचांनी विचार केला की सोप्या केसेस आधी निकालात काढू, म्हणजे साधी माणसं कामाला लागतील. मोठ्या, गुंतागुंतीच्या केसेस, ज्यात साक्षीदार लांबून आणायचे, कागद शोधायचे, त्या मागे ठेवू. ऐकायला अगदी शहाणपणाचं. पण झालं काय, १९४६ आणि ४७ मध्ये, जेव्हा कायदा कडक होता, तेव्हा समोर उभे राहिले छोटे लोक, क्लार्क, मास्तर, रेल्वेचा गार्ड, त्यांना दंड झाले, नोकऱ्या गेल्या, पोरांचे हाल झाले. आणि मोठ्यांचा नंबर येईपर्यंत १९४८ उजाडलं. तोवर जग बदललं होतं. रशियाशी भांडण पेटलेलं, युरोप परत उभा करायला अमेरिकेच्या मदतीचा मार्शल प्लॅन सुरू, जूनमध्ये रशियाने केलेली बर्लिनची नाकेबंदी, अमेरिकेला आता जर्मनी शत्रू म्हणून नको होता, सोबती म्हणून हवा होता. वॉशिंग्टनहून दबाव आला की हे प्रकरण लवकर गुंडाळा. मार्च १९४८ मध्ये नियम इतके सैल केले की मोठ्या आरोपींनाही झटपट मिटलॉयफरच्या खान्यात टाकता यावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं म्हणावंसं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही कारण छोटे लोक संन्याशी नव्हते, त्यांनी सही केली होती, पगार घेतला होता, शेजारचं घर रिकामं झालं तेव्हा मान फिरवली होती. छोट्या चोराला आधी धरलं आणि मोठ्याची पाळी येईपर्यंत चावडी बंद झाली, असं म्हणू.

आकडे बघा. अमेरिकन झोनमध्ये कायद्याच्या कक्षेत आले ३६ लाखांवर लोक. त्यातल्या बहुतेकांना सुनावणीच्या आधीच माफी, १९४६ च्या ऑगस्टमध्ये १ जानेवारी १९१९ नंतर जन्मलेल्या तरुणांना, त्याच वर्षीच्या ख्रिसमसला गरीब आणि अपंगांना. सुनावण्या झाल्या साडेनऊ लाखांच्या आसपास. मुख्य दोषी ठरले १६५४. मिटलॉयफर ४ लाख ८५ हजार. हिटलरची सिनेमावाली लेनी रीफेनश्टाल, तिच्याही कपाळी शेवटी मिटलॉयफरच. फ्रांझ फॉन पापेन, ज्याने हिटलरला सत्तेपर्यंत पोचवायला हात दिला, तो न्यूरेंबर्गला सुटला, मग श्प्रुखकामरने त्याला आठ वर्षं सक्तमजुरी दिली, आणि १९४९ मध्ये तो बाहेर.

ब्रिटिशांनी जास्त हिशोबी डोक्याने काम केलं, कोळसा निघाला पाहिजे, रेल्वे चालली पाहिजे. त्यांच्या कोर्टांमध्ये जज्जच मिळेनात, म्हणून एक डाग नसलेला जज्ज नेमला की त्याच्याबरोबर एक डागवाला घ्यायचा असा नियम काढला, लोक त्याला पाठुंगळीची पद्धत म्हणायचे. वर्षभरात तोही नियम गेला. फ्रेंचांनी तर सुरुवातीला शाळामास्तरांपैकी तीन चतुर्थांश काढून टाकले आणि मग वर्ग भरवायला माणूस नाही म्हणून त्यांनाच परत बोलावलं.

रशियन झोनची गोष्ट वेगळी आणि जास्त गडद. तिथे लोक खरोखरच बदलले, पाच लाखांवर माणसं पदांवरून काढली, शाळांसाठी काही महिन्यांचे कोर्स देऊन हजारो नवे शिक्षक उभे केले, कामगारांच्या पोरांना सहा-आठ महिने कायदा शिकवून जज्ज केलं, शंभर हेक्टरच्या वरच्या जमीनदारांची जमीन काढून घेतली. कोर्टांमधून नाझी जज्ज साफ करणं पश्चिमेला जमलं नाही ते इथे जमलं, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच झाडूने त्यांनी समाजवादी, उदारमतवादी, जो कुणी नव्या सत्तेला नको होता तो झाडला. बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउझेन, नाझींच्या छळछावण्या, त्याच बराकींमध्ये रशियनांनी आपल्या छावण्या चालवल्या. अशा छावण्यांमध्ये १९५० पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास जर्मन ठेवले गेले आणि रशियाच्याच कागदांप्रमाणे त्यातले चाळीस हजारांवर भुकेने आणि रोगाने मेले. आणि मग १९४८ मध्ये तिथेही प्रकरण बंद, शिवाय छोट्या जुन्या नाझींसाठी एक वेगळा पक्षच काढून दिला की यात या.

१९४९ ला पश्चिम जर्मनी उभा राहिला आणि चान्सलर आडेनाउअर, जो स्वतः नाझींचा विरोधक होता, त्याने पहिल्याच मोठ्या भाषणात सांगितलं की लोकांची दोन वर्गांत विभागणी आता पुरे. १९५१ मध्ये कायदा झाला, घटनेच्या कलम १३१ वरून, की १९४५ नंतर नोकरी गेलेल्या सरकारी नोकरांना, अगदी वरचे दोषी आणि गेस्टापोवाले, म्हणजे नाझी गुप्त पोलीस, बहुतेक सोडून, परत घ्यायचं किंवा पेन्शन द्यायची. संसदेत विरोधात एकही मत पडलं नाही. बव्हेरियात त्याच वर्षी ९४ टक्के जज्ज आणि सरकारी वकील जुने नाझी होते. हान्स ग्लोबके, ज्याने ज्यूंविरुद्धच्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर अधिकृत भाष्य लिहिलं होतं, तो १९५३ पासून दहा वर्षं आडेनाउअरचा उजवा हात. तो पक्षाचा मेंबर नव्हताच. म्हणजे त्या पेपर मिलमध्ये त्याचं कार्ड शोधून काही उपयोग नव्हता, सुरुवातीला म्हटलं तो पेच हाच.

याचा परिणाम फार खोल गेला. स्वतः नाझी काळात फाशा दिलेले जज्ज बाकावर असतील तर ते दुसऱ्या नाझी जज्जला शिक्षा कशी देतील? पश्चिम जर्मनीत एकाही नेहमीच्या जज्जला त्या काळातल्या निकालांसाठी शेवटपर्यंत टिकलेली शिक्षा झाली नाही. फ्रिट्झ बाउअर नावाचा ज्यू सरकारी वकील, परागंदा होऊन परत आलेला, त्याला १९६३ मध्ये ऑश्विट्झ छळछावणीचा खटला फ्रँकफर्टमध्ये उभा करायला आपल्याच खात्यातल्या लोकांशी झगडावं लागलं. ज्यूंना छावण्यांमध्ये धाडणारा फरार नाझी अधिकारी आइशमन, त्याचा पत्ता लागला तेव्हा बाउअरने तो जर्मन पोलिसांना न देता इस्रायलला कळवला, कारण इथे कुणीतरी आधीच सावध करेल याची त्याला खात्री होती. आणि २०१६ मध्ये जर्मनीच्या न्याय मंत्रालयाने स्वतःच्याच इतिहासाचा अभ्यास करून घेतला तेव्हा निघालं की १९४९ ते १९७३ मधल्या १७० वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी ९० नाझी पक्षात होते.

मग सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. लाखो माणसं दोन-तीन वर्षं नोकरीबाहेर राहिली, स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागलं की मी कुठे कुठे होतो, आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली, की उघडपणे नाझी असणं आता परवडत नाही. १९४६-४७ च्या पाहण्यांमध्ये जवळपास निम्मे जर्मन म्हणत होते की नाझीवाद ही कल्पना चांगली होती, राबवली वाईट. म्हणजे मनं बदलली नव्हती, पण तोंडं बंद झाली होती. १९५२ मध्ये जुन्या नाझींनी काढलेला पक्ष घटनेच्या कोर्टाने बंदी घालून संपवला तेव्हा रस्त्यावर फारसं कुणी आलं नाही. पुढच्या पिढीला प्रश्न विचारायला जागा मिळाली ती त्या गप्प बसलेल्या वर्षांमुळे, पण त्याची किंमत ज्यांच्या घरातली माणसं मेली होती त्यांनी भरली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जपानबद्दल थोडक्यात, कारण तिथे हिशोब वेगळा होता. तिथला अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने जपानी नोकरशाहीतूनच राज्य चालवलं, म्हणून जानेवारी १९४६ पासून जे दोन लाखांवर लोक काढले त्यात बहुतेक लष्करी होते, कचेऱ्या बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. युद्धकाळातला मंत्री किशी तुरुंगातून १९४८ च्या डिसेंबरात सुटला आणि १९५७ ला पंतप्रधान झाला.

पण या सगळ्याची खरी परीक्षा झाली इराकमध्ये. सद्दामला हटवल्यावर अमेरिकेने तिथे कारभारी म्हणून नेमलेल्या पॉल ब्रेमरने १६ मे २००३ ला पहिला आदेश काढला, सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांमधले सगळे सरकारी नोकरीतून बाद, शिवाय मंत्रालयं, हॉस्पिटलं, कॉलेजं यांच्या वरच्या तीन थरांमधला कुठलाही पक्का मेंबर बाद. जर्मनीचं उदाहरण तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. हजारो शाळामास्तर घरी बसले, तेच जे नोकरी टिकवायला मेंबर झाले होते. पाठोपाठ २३ मे ला दुसऱ्या आदेशाने अख्खं सैन्य बरखास्त, लाखो माणसं, हातात बंदूक, घरी पगार नाही. जर्मनीत नुसत्या अमेरिकेचेच लाखो सैनिक होते आणि देश पूर्ण मोडलेला होता, इराकमध्ये दीड लाखाच्या आसपास सैनिक, आणि ज्यांना काढलं ते लढायला तयार. काही महिन्यांत रस्त्यावर बॉम्ब फुटायला लागले, आणि पुढे त्या जुन्या फौजेतलेच अधिकारी आयसिससारख्या संघटनांमध्ये सापडले ते आपण बातम्यांमध्ये बघितलंच.

त्याहून जास्त नुकसान दुसऱ्या गोष्टीने केलं असं मला वाटतं. जर्मनीत यादी फार लवकर बंद झाली, इराकमध्ये ती बंदच झाली नाही. काम अहमद चलाबीच्या आयोगाकडे गेलं, म्हणजे एका राजकीय पुढाऱ्याच्या हातात, आणि कोण बाथी हे ठरवणं हे विरोधकाला बाहेर ठेवायचं साधन झालं. बाथीपणाचा शिक्का बहुतेक वेळा सुन्नी माणसाच्या कपाळी बसतोय असं सुन्नींना दिसायला लागलं. २००८ मध्ये नियम सैल करणारा नवीन कायदा झाला, आयोगाचं नाव बदललं, माणसं बरीचशी तीच. मार्च २०१० च्या निवडणुकीआधी पाचशेवर उमेदवार याच कारणाने बाद केले गेले. सद्दामला फाशी होऊन तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती.